माळ्यावर सापडलेला मॉर्निंग वॉकर, सोना बेल्ट आणि टमी ट्रिमर: २००० च्या काळातली ही यंत्रं खरंच काम करायची का?

तुम्ही विचारलंय की घर आवरताना माळ्यावर आईचा जुना मॉर्निंग वॉकर, एक सोना बेल्ट आणि पोटाचा स्प्रिंगवाला टमी ट्रिमर सापडला, टीव्हीवर बघून घेतलेली ही यंत्रं खरंच काही काम करायची की सगळी फसवणूकच होती, आणि आता ती वापरावीत की भंगारात द्यावीत. यावर मी बोलू शकतो कारण सांगलीत वडिलांचं मिक्सर, पंखे, इस्त्री दुरुस्तीचं दुकान होतं आणि साधारण २००१ पासून पुढची सात-आठ वर्षं ही यंत्रं आमच्याकडे दुरुस्तीला यायची, कॉलेज सुटलं की मी थेट दुकानात, त्यामुळे यातली बहुतेक मी स्वतःच्या हातानं उघडून बघितलेली आहेत.

आधी थोडक्यात सांगतो. ट्रिमर हा खराखुरा व्यायाम आहे पण वीस वर्षं माळ्यावर पडलेली स्प्रिंग ताणू नका. सोना बेल्ट अजिबात वापरू नका, कुणाला देऊही नका. आणि मॉर्निंग वॉकर जाहिरातीत सांगायचे ते करत नव्हता, तरी त्याला निरुपयोगी म्हणायला माझं मन घेत नाही, का ते पुढं सांगतो.

त्या काळाचं थोडं सांगायला हवं. १९९२ ला झी आलं, मग घरोघरी केबल आली, आणि नव्वदच्या मध्यापासून दुपारी आणि रात्री उशिरा टेलिशॉपिंगचे कार्यक्रम सुरू झाले, स्काय शॉप, टेलिब्रँड्स, टीएसएन ही नावं तुमच्या आईला नक्की आठवतील. परदेशी माणसं, हिंदीत डब केलेले आवाज, एका बाजूला 'पहले' आणि दुसऱ्या बाजूला 'बाद में'. त्यात चाकू असायचे, नॉनस्टिक तवे असायचे, पण निम्मा वेळ पोट कमी करायची यंत्रं. आणि बघणारं कोण, तर दुपारी जेवणं उरकून जरा टेकलेली बाई. आमच्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तालमी काही कमी नाहीत, जोर-बैठका, मुद्गल, लाल माती सगळं आहे, पण ते सगळं पुरुषांचं. बाईनं व्यायाम करायचा तर कुठं? त्या वेळी आमच्या भागात बायकांसाठी जिम नव्हती, आणि असती तरी आमच्या आईच्या पिढीतली बाई तिथं गेली असती असं वाटत नाही. म्हणून ही यंत्रं घेणाऱ्यांना जो वेडं ठरवतो त्याला मी नेहमी सांगतो की आधी त्या घरात जाऊन बघ, तिला दुसरा पर्याय काय होता.

आमच्या घरचंच सांगतो. आईचे गुडघे दुखायला लागले, डॉक्टर म्हणाले रोज अर्धा तास चाला. बोलायला सोपं आहे. सकाळी साडेपाचला नळाला पाणी यायचं, ते भरायचं, मग डबे, मग धुणं, अण्णा म्हणजे वडील दुकानात गेले की आजीचं औषधपाणी. संध्याकाळी चार दिवस गेली ती चालायला, तर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तीन जणींनी विचारलं, 'कुठं निघाला वहिनी, एकट्याच?' पाचव्या दिवशी गेलीच नाही. मग एक दिवस तिनं भिशीच्या पैशातून न सांगता मॉर्निंग वॉकर मागवला. कुरिअरवाला दारात आला तेव्हा अण्णांना कळलं. ते काही बोलले नाहीत, खोक्यातून काढून उलटं करून स्क्रू बघितले आणि म्हणाले, मोटर बरी दिसतीय.

हे यंत्र ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: जमिनीवर ठेवायचा एक प्लास्टिकचा डबा, वर दोन खोबणी, आपण सतरंजीवर उताणं झोपायचं, घोटे त्या खोबणीत ठेवायचे, बटण दाबायचं. यंत्र पाय डावीकडं-उजवीकडं हलवायला लागतं आणि ती लाट पायातनं कमरेत, पाठीत, मानेपर्यंत जाते. मासा पाण्यात पोहतो तशी. मूळ कल्पना जपानची, परदेशात ते ची मशीन या नावानं विकलं गेलं. आपल्याकडे दहा-पंधरा मिनिटांचा टायमर असायचा आणि जाहिरातीत सांगायचे की पंधरा मिनिटं म्हणजे दहा हजार पावलं चालल्यासारखं. यात एक गंमत बघा, दहा हजार पावलं हा आकडासुद्धा एका यंत्रातनंच आलेला आहे, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं त्याचं नावच मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर, तिथून तो आकडा जगभर पसरला.

आत काय असतं ते सांगतो म्हणजे खरं-खोटं तुमचं तुम्हालाच कळेल. खालचे स्क्रू काढले की एक मोटर, मोटरवरून बेल्ट, बेल्टवर मोठी पुली, आणि पुलीच्या मध्यावर नाही तर जरा बाजूला बसवलेली एक खीळ. पुली गोल फिरते, खीळ बाजूला असल्यामुळे ती वरच्या पट्टीला इकडून तिकडं ढकलते, शिलाई मशीनमध्ये गोल फिरण्याचं वर-खाली कसं होतं तसंच हे आडवं. एवढंच आहे. म्हणजे हलवतंय कोण? मोटर. तुमच्या मांडीचा स्नायू त्यात काहीच ओढत नाही, तो सैल पडलेला असतो आणि सैल पडलेला असतो म्हणूनच बरं वाटतं. चालताना आपण आपलं अख्खं वजन प्रत्येक पावलाला उचलून पुढं टाकतो, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास लागतो. इथं यातलं काही होत नाही. वजन कमी व्हायचा प्रश्नच येत नाही, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, आणि झोपून हलण्यात जळतं ते नुसतं झोपण्यापेक्षा फार जास्त नसतं.

पण. आईचं वजन एक किलोसुद्धा कमी झालं नाही आणि तरी ती वर्षानुवर्षं ते वापरत राहिली, आणि बरं वाटतं म्हणायची. मला त्या वयात कळायचं नाही. आता कळतं की दिवसभरात दार लोटून पंधरा मिनिटं पाठ टेकायची आणि कुणी हाक मारायची नाही, हे तिला त्या यंत्रामुळं पहिल्यांदा मिळालं. नुसती झोपली असती तर कुणीतरी उठवलंच असतं, पण 'आई व्यायाम करतीय' म्हटल्यावर आजीसुद्धा थांबायची. ताठलेली कंबर सैल व्हायची, पायातलं ओढल्यासारखं कमी व्हायचं, ते खोटं नव्हतं. शिवाय अशा हालचालीचा उपयोग अगदीच नाही असंही नाही, ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पायाला लिम्फची सूज (अंगातला पाण्यासारखा द्रव साठून येणारी) असलेल्या रुग्णांना ही मशीन वापरायला दिली तेव्हा सूज उतरल्याचं त्यांनी नोंदवलंय. म्हणजे दुखणाऱ्या, सुजणाऱ्या पायाला आराम, इतपत त्याची खरी ताकद. चालण्याच्या जागी ते विकलं हा गुन्हा विकणाऱ्यांचा.

आणि यंत्रानं आपलं अंग हलवून द्यावं ही इच्छा काही आपल्या आयांनी काढलेली नाही हेही सांगतो. स्वीडनमधल्या गुस्ताव झांडर नावाच्या डॉक्टरनं १८६५ साली स्टॉकहोमला अशा यंत्रांची संस्थाच काढली होती, हात हलवायचं वेगळं, पोट चोळायचं वेगळं. १९१२ ला बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेत विजेवर चालणारा घोडा आणि विजेवर चालणारा उंट होता, फर्स्ट क्लासच्या प्रवाशांसाठी. तिथं श्रीमंत लोक ज्यावर बसायचे त्याच विचाराचं यंत्र सांगलीतल्या दोन खोल्यांत आलं, इतकाच फरक.

आता सोना बेल्ट, सोना म्हणजे सोनं नव्हे, घाम काढायची गरम खोली. याबद्दल मला खरंच राग आहे. कमरेला गुंडाळायचा जाड पट्टा, बाहेरून रेक्झिन, आतून कापड, मधे हीटिंगची तार नागमोडी शिवलेली, एक थर्मोस्टॅटचं बटण आणि वायर भिंतीत. म्हणजे शेकायची विजेची पिशवी असते तीच लांब करून वेल्क्रो लावलेली. पोटाला घाम येतो आणि आपल्याला वाटतं चरबी वितळतीय. चरबी अशी वितळून त्वचेतनं बाहेर येत नाही हो. अर्धा लिटर घाम गेला की काटा अर्धा किलो कमी दाखवणारच, दोन ग्लास पाणी प्यायलं की परत तिथंच. जाहिरातीत टेप लावून कंबर मोजून दाखवायचे, आवळून बांधलेला पट्टा सोडल्यावर पाचेक मिनिटं कंबर कमी भरतेच, परकराची नाडी सोडल्यावर वळ दिसतो तसंच ते.

आमच्या शेजारच्या एक काकू, डायबेटिसच्या पेशंट, त्यांनी हा पट्टा लावला आणि दुपारी डोळा लागला. साखरेमुळं त्वचेची जाणीव कमी झालेली, चटका बसतोय हे कळलंच नाही. उठल्या तेव्हा बेंबीच्या बाजूला तळहाताएवढा फोड. तो भरून यायला दीड महिना लागला, रोज ड्रेसिंग. पट्टा अण्णांकडे आणला त्यांच्या मुलानं, अण्णांनी उसवला तर थर्मोस्टॅट चिकटून बसलेला, म्हणजे गरम झाल्यावर बंद व्हायला पाहिजे ते होतच नव्हतं, आणि जिथं पट्ट्याची घडी पडते तिथं तारेवरचं कव्हर तडकलेलं. ओल्या घामाच्या अंगाला, २३० व्होल्टवर. त्या दिवसापासून अण्णांनी सोना बेल्ट दुरुस्तीला घ्यायचे बंद केले, गिऱ्हाईक चिडलं तरी चालेल. तुमच्याकडचा पट्टा वीस वर्षं घडी घालून पडलाय. वायर कापून टाका आणि मगच भंगारात द्या, म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही.

याचाच भाऊ म्हणजे झटके देणारा बेल्ट, तुमच्याकडे तो नाही पण कुणाकडे असेल म्हणून सांगतो. त्यात बॅटरी असायची, पोटाला जेल लावायचं आणि बारीक करंटनं स्नायू आपोआप आखडायचे. ही पद्धत मुळात खरी आहे, ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू गळाला तर फिजिओथेरपीवाले असाच करंट देतात, पण त्यानं चरबी उतरून सिक्स पॅक येतात हे खोटं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे खोट्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, मे २००२ मध्ये अ‍ॅबट्रॉनिक, एबी एनर्जायझर आणि फास्ट अ‍ॅब्स या तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर खोट्या जाहिरातीबद्दल कारवाई सुरू केली होती, आणि आपल्याकडे साधारण त्याच काळात तसले पट्टे जोरात विकले जात होते. एक बाई दुकानात आल्या, म्हणाल्या बेल्ट बंद पडला. बॅटरी चांगली, सर्किट चांगलं. अण्णांनी विचारलं जेल कुठलं लावता? तर जेल संपलं होतं आणि त्या खोबरेल तेल लावत होत्या. तेलातनं करंट जात नाही! अण्णांनी त्यांच्यासमोर फडकं मिठाच्या पाण्यात भिजवून लावून दाखवलं, लगेच चालू. पैसे घेतले नाहीत, उलट जाताना म्हणाले, ताई, यापेक्षा सकाळी चार सूर्यनमस्कार घाला.

आता टमी ट्रिमर, माझ्या मते या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक वस्तू. पाय ठेवायला दोन पट्ट्या, हातात धरायला दांडी, मधे एक किंवा दोन स्प्रिंगा. पाय लांब करून बसायचं आणि नाव वल्हवल्यासारखं मागं जायचं. मेहनत तुमची तुम्हालाच करावी लागते, पाठ, दंड, पोट सगळं लागतं, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणजे काम झालंय. फक्त 'पोटाचा व्यायाम केला की पोटाचीच चरबी जाते' हे त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असायचं ते चूक. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, माणसांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स करून घेतल्या आणि चरबीचे नमुने पोट, पाठ आणि नितंब अशा तीन जागांवरून घेऊन तपासले, तर चरबीच्या पेशी तिन्हीकडे सारख्याच लहान झाल्या होत्या, पोटावर काही वेगळं झालं नव्हतं. चरबी शरीर आपल्या मर्जीनं काढतं, आपण दाखवू त्या जागेवरून नाही. स्नायू मात्र तिथलाच बळकट होतो, आणि तेही काही कमी नाही, बाळंतपणानंतर पाठ धरणाऱ्या कितीतरी बायकांना पोट-पाठ बळकट करण्याचीच गरज असते.

पण तुमचा ट्रिमर जुना आहे आणि इथं मी अगदी हात जोडून सांगतो. स्प्रिंग मधे तुटत नाही. टोकाला जिथं तार वळवून हूक केलेला असतो ना, तिथं तुटते, कारण प्रत्येक वेळी ताणताना सगळा बाक त्या वळणावर येतो. हाताच्या घामानं तिथं गंज धरतो, मग केसासारखी बारीक चीर पडते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आम्ही चीर बघायला तिथं रॉकेलचा बोळा फिरवायचो, कोरडं पुसायचो आणि वर खडूची पूड लावायचो, चीर असली तर थोड्या वेळानं खडूवर तेलकट रेघ उमटते. दुकानात एक मुलगा आला होता दहावी-अकरावीतला, स्प्रिंग सुटून दांडी तोंडावर बसली, पुढचा दात अर्धा गेला आणि वरचा ओठ फाटला. तेव्हा स्प्रिंग बदला किंवा ट्रिमर टाका. हल्ली त्याच आकाराचे रबरी नळीचे मिळतात, ते बरे, पण रबरालाही भेगा पडतात, वर्षभरानं बदला. पाय खोबणीतून निसटणार नाही असे बूट घालून करा, मोज्यांवर तर मुळीच नको.

याच जातीतल्या अजून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात कारण लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. एक, दोन्ही बाजूंना दांड्या असलेलं साधं चाक. गुडघ्यावर बसून पुढं लोटायचं आणि परत आणायचं. दिसायला खेळणं, पण नीट दहा वेळा करून बघा, पोटाला इतकं काम देणारं दुसरं स्वस्त साधन मी तरी बघितलं नाही (कंबरदुखी असेल तर मात्र नको). दुसरा बुलवर्कर, तो तर त्याही आधीचा. आमच्या मामानं ऐंशीच्या दशकात मासिकातली जाहिरात बघून व्हीपीपीनं मागवला होता, पोस्टमनला पैसे दिले की मगच पार्सल हातात. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, आत जबरदस्त स्प्रिंग, दोन्ही बाजूंना केबल आणि वर किती जोर लागला ते दाखवायची पट्टी. दाबून सात सेकंद धरायचं. यामागं शास्त्र होतं, जर्मनीत हेटिंगर आणि म्युलर यांनी १९५३ मध्ये दाखवलं होतं की स्नायू न हलवता काही सेकंद जोरात ताणून धरला तरी ताकद वाढते, आणि बुलवर्कर काढणारा गेर्ट क्योल्बेलही जर्मनच. मामाचा बुलवर्कर अजून आहे, केबलवरचं प्लास्टिक गेलंय पण स्प्रिंग अजून कडक. तो गोल फिरायचा ट्विस्टर मात्र मला कधी आवडला नाही, दोन ताटांमधे छर्रे, त्यावर उभं राहून कंबर फिरवायची, जोर काही लागत नाही आणि पाठीला नको तो पीळ बसतो.

२००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी आमच्या दुकानाच्या शटरपर्यंत आलं, पाणी उतरल्यावर लोक चिखलात बरबटलेल्या वस्तू घेऊन रांगेत उभे. मिक्सर, पंखे, मोटारी. तीन मॉर्निंग वॉकरही आले होते, आणि मला वाटलं कुणी परत न्यायला येणार नाही, पण तिघी जणी स्वतः आल्या, त्यातली एक तर मिक्सरच्या आधी हे द्या म्हणाली. अण्णांनी तिचं यंत्र त्या दिवशीच धुऊन, मोटरची वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) उन्हात वाळवून, वॉर्निश मारून दिलं.

म्हणून तुमच्या आईचं यंत्र टाकायच्या आधी आईला विचारा. चालू करायचं असेल तर असं करा. प्लग लावायच्या आधी वायर टोकापासून टोकापर्यंत वाकवून बघा, तडकली असेल तर बदला, उंदरांनी माळ्यावर वायरी कुरतडलेल्या असतात. मग पाय न ठेवता दोन मिनिटं रिकामं चालवा, जळका वास आला तर लगेच बंद. टक-टक आवाज आला तर घाबरू नका, तो खिळीवरचा प्लास्टिकचा बुश, म्हणजे खिळीवर बसणारं छोटं नळकांडं असतं, झिजून सैल होतो. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, हळूहळू वाढवत दहा, जेवल्यावर लगेच नको, आणि यंत्र थांबल्यावर दोन मिनिटं तसंच पडून राहायचं, लगेच उठलं तर चक्कर येते. स्लिप डिस्क, गरोदरपण, पायात रक्ताची गाठ झालेली असेल किंवा हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि चालणं वेगळं चालू ठेवा. आमची आई गेली दहा वर्षं शेजारणींबरोबर सकाळी आमराईत चालायला जाते, आता कुणी विचारत नाही कुठं निघाला म्हणून, आणि घरी आली की सतरंजी टाकून दहा मिनिटं यंत्रावर पाय. गेल्या दिवाळीत मी त्याचा बुश चौथ्यांदा बदलला. तो बाजारात मिळत नाही, जुना काढून लेथवाल्याकडे न्या आणि नायलॉनचा करून मागा, पितळेचा नको, पितळेचा आवाज फार करतो. बसवताना थोडं ग्रीस लावा, तेल नको, तेल उडून बेल्टवर जातं आणि मग बेल्ट घसरतो.